पाणी शेजारी, तरी झाड तहानलेले

जागा बदललेले झाड पहिल्या उन्हाळ्यात सुकू लागते, तेव्हा त्याच्या आळ्यातली माती अनेकदा चांगली ओली असते. पाणी देणाऱ्याने हयगय केलेली नसते, तरीही दुपार होता होता पाने माना टाकतात आणि त्यांच्या कडा तपकिरी पडू लागतात. अशा झाडाच्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर खुरप्याने हलकेच माती उकरून पाहिली, तर काय घडले आहे ते बोटांनाच कळते. खड्डा भरताना टाकलेली बाहेरची माती गार आणि चिकट लागते. पण झाडासोबत जुन्या जागेवरून किंवा कुंडीतून आलेला मुळांभोवतीचा मातीचा गोळा, ज्याला रोपवाटिकेत हुंडी म्हणतात, तो पार कोरडा असतो आणि चिमटीत त्याचा भुगा होतो. पाणी आणि मुळे यांच्यात जेमतेम चार बोटांचे अंतर असते. ते अंतर झाडाला ओलांडता येत नाही, ही पुनर्रोपण केलेल्या झाडाची मूळ अडचण आहे, आणि त्याची निगा कशी राखावी याविषयीचे बहुतेक प्रश्न तिच्यापाशीच येऊन थांबतात.

ही अडचण समजण्यासाठी झाडाच्या अंगात पाणी वर कसे चढते ते आधी पाहावे लागेल. प्राण्यांच्या शरीरात रक्त ढकलणारे हृदय असते. झाडात असा कोणताही पंप नाही, तेथे पाणी वरून ओढले जाते. पानाच्या आत पेशींच्या ओलसर भिंतींवरून पाण्याची वाफ होते आणि ती पर्णरंध्रांतून, म्हणजे पानाच्या त्वचेवरील उघडझाप करणाऱ्या अतिसूक्ष्म छिद्रांतून, हवेत निघून जाते. भिंतीतल्या तंतूंमधले पाणी असे उडाले की मागे उरलेल्या पाण्याचा पृष्ठभाग आत खेचला जातो, आणि ती ओढ पानाच्या शिरेतून डहाळीला, डहाळीतून फांदीला, तेथून खोडाला आणि अखेर मुळांच्या टोकांपर्यंत पोहोचते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे बारीक नळीत हवेचा शिरकाव झालेला नसेल तर पाण्याचा स्तंभ ताणलेल्या दोरासारखा न तुटता ओढला जाऊ शकतो. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी अगदी थोडा अंश झाडाच्या वाढीसाठी वापरला जातो. बाकी जवळजवळ सगळे पानांवाटे हवेत जाते.

ही उकल शास्त्रज्ञांच्या हाती सहजासहजी लागली नाही. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स यांनी वनस्पती पानांवाटे किती पाणी बाहेर टाकतात याच्या मोजमापांचे प्रयोग १७२७ मध्ये प्रसिद्ध केले होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडुआर्ड स्ट्रासबुर्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाने कापलेल्या उंच झाडांना विषारी द्रावणात उभे करून खोडातील जिवंत पेशी मारून टाकल्या, तरीही द्रावण वर चढत राहिले. म्हणजे पाणी चढवण्याचे काम खोडातील जिवंत पेशी करत नाहीत, हे स्पष्ट झाले. १८९४ मध्ये डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जॉली यांनी ताणलेल्या पाण्याच्या स्तंभाची कल्पना मांडली. हवेच्या दाबाने पाणी फार तर १० मीटरपर्यंत चढते, आणि झाडे तर १०० मीटरच्या पुढेही जातात, तेव्हा एवढी ओढ पाणी खरोखर सहन करते का, ही शंका बराच काळ राहिली. १९६५ मध्ये पेर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंच झाडांच्या शेंड्याकडील डहाळ्या बंदुकीने पाडून दाबकक्षात ठेवल्या आणि कापलेल्या टोकाशी पाणी परत येण्यासाठी किती दाब लागतो ते मोजले. ओढ खरोखरच तेवढी होती.

आकडे पाहिले म्हणजे या ओढीचे बळ ध्यानात येते. पाणी नुकतेच मुरलेल्या मातीत पाणी जवळजवळ मोकळे असते, म्हणजे ते काढून घ्यायला फारसे बळ लागत नाही. भर दुपारी पानातील ओढ साधारण १ ते २ मेगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या १० ते २० पट असते. मोटारीच्या चाकातील जादा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम २ पट भरतो. आणि निम्मी आर्द्रता असलेल्या उबदार हवेची ओढ ९० मेगापास्कलच्याही पुढे जाते. माती, झाड आणि हवा यांच्यामधून जाणारी ही एक सलग उतरण आहे. हवा मागतच राहते, आणि मातीतून तेवढेच पाणी येत राहिले तर झाड निर्धास्त असते. मातीकडचा पुरवठा मंदावला की मधल्या नळ्यांवरचा ताण वाढत जातो.

या नळ्या, म्हणजे लाकडातील जलवाहिन्या, मेलेल्या पेशींच्या पोकळ भिंतींच्या बनलेल्या असतात. नळीची त्रिज्या दुप्पट झाली तर तितक्याच ओढीने तिच्यातून १६ पट पाणी वाहते, म्हणून रुंद नळ्यांचे झाड मुबलक पाण्यात झपाट्याने वाढते. शेजारच्या नळ्यांना जोडणाऱ्या खाचांवर जाळीसारखा पातळ पडदा असतो, आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांत पाण्याचा पृष्ठताण हवेला अडवून धरतो. ताण फार वाढला की हवेचा एखादा बुडबुडा त्या छिद्रातून आत खेचला जातो, क्षणार्धात फुगतो, आणि ती नळी पाणी वाहण्याच्या कामातून बाद होते. नळीतला पाण्याचा स्तंभ असा तुटतानाचे बारीक आवाज संवेदनशील उपकरणांनी ऐकता येतात, आणि तहानलेल्या झाडात ते एकामागून एक येऊ लागतात. बर्च आणि मॅपलसारखी काही झाडे वसंताच्या सुरुवातीला पाणी दाबाने वर ढकलून अशा नळ्या पुन्हा भरू शकतात. इतर अनेक झाडांना मात्र नवे लाकूड तयार होईपर्यंत त्या नळ्यांवाचूनच भागवावे लागते.

आता मुळांकडे वळू. झाडाच्या खाली त्याच्या फांद्यांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखा खोल मुळांचा पसारा असतो, असे चित्र आपल्या मनात असते. पण बहुतांश मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरच्या थरात आडवी पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर जातात. त्यांतही पाणी शोषण्याचे मुख्य काम जाड, तपकिरी मुळे करत नाहीत. ते काम पांढरी मुळी करते, म्हणजे टोकाकडची कोवळी, नाजूक तंतुमुळे, त्यांच्यावरील केसांसारखे मूलरोम, आणि मुळांशी जोडीने राहणाऱ्या बुरशीचे धागे. जाड मुळे त्या पाण्याची वाहतूक करतात आणि झाडाला उभे धरतात.

झाड खणून काढताना नेमका हाच शोषणारा भाग मागे राहतो. बुंध्याचा व्यास ८ सेंटिमीटर असलेले एक झाड घेऊ. रोपवाटिकांच्या प्रचलित दंडकानुसार हुंडीचा व्यास बुंध्याच्या १० ते १२ पट ठेवतात, म्हणजे ती जवळपास १ मीटर रुंद होईल. तेवढ्या हुंडीचे वजन काही माणसांनाही उचलवणार नाही, म्हणून तिला पुरेशी मोठी समजणे स्वाभाविक आहे. पण त्या झाडाची मुळे बुंध्यापासून चहूकडे ३ मीटर पसरली होती असे धरले, तर त्यांनी सुमारे २८ चौरस मीटर जमीन व्यापली होती, आणि हुंडीच्या वाट्याला त्यातली १ चौरस मीटरही येत नाही. हुंडीत मुळे अधिक दाट असतात हे खरे. तरीही जमिनीत वाढलेले झाड हलवताना त्याची सुमारे ९० टक्के किंवा त्याहून अधिक मुळे मागे राहू शकतात. पाने मात्र सगळी सोबत येतात.

याच झाडाचा रोजचा हिशेब मांडून पाहावा. समजा, त्याच्या पानांचे एकूण क्षेत्र २० चौरस मीटर आहे आणि उन्हाच्या दिवशी दर चौरस मीटरमागे १ लिटर पाणी उडते; म्हणजे दिवसाला २० लिटर. हुंडीत ३०० लिटर माती आहे आणि तिच्यातले सुमारे १५ टक्के पाणी मुळांना घेता येण्याजोगे आहे, असे धरले तर साठा ४५ लिटरचा होतो. दोन दिवसांत तो संपतो. प्रत्यक्षात झाड त्याआधीच हात आखडते, म्हणून साठा थोडा अधिक पुरतो. पण २८ चौरस मीटर जमिनीतून पाणी घेणारे झाड पावसाच्या दोन सरींमध्ये जितके दिवस काढू शकत होते, तितके आता काढू शकणार नाही. कुंडीत वाढलेल्या झाडाची मुळे सगळी सोबत येतात, त्यामुळे ते सुखरूप आहे असे वाटते. मात्र कुंडीतले मिश्रण हलके आणि भरड असते, रोपवाटिकेत त्याला रोज पाणी मिळत असते, आणि जमिनीत लावल्यावर गरम दिवसांत ते एकदोन दिवसांत कोरडे पडू शकते.

बाहेरच्या ओल्या मातीतले पाणी हुंडीत का शिरत नाही, हा प्रश्न येथे येतोच. मातीतले पाणी बारीक पोकळ्यांत घट्ट धरलेले असते आणि मोठ्या पोकळ्यांत सैल. त्यामुळे बारीक कणांच्या मातीतले पाणी भरड मिश्रणात सहजासहजी जात नाही. बारीक माती जवळजवळ तुडुंब भरेपर्यंत ते हद्दीवरच थांबते. उलट हुंडी चिकणमातीची आणि भोवतीची भर वाळूसारखी असेल, तर वरून दिलेले पाणी घट्ट हुंडीला वळसा घालून भरीतून खाली निघून जाते. म्हणून मातीच्या पोताचा फरक जितका मोठा, तितकी ही अदृश्य भिंत पक्की. खड्ड्यात खत आणि भुसभुशीत मिश्रण भरून झाडाचे लाड करण्याऐवजी तेथलीच माती मोकळी करून परत घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण मुळांना शेवटी त्याच मातीत जायचे असते.

तहान लागलेले झाड पहिल्यांदा पर्णरंध्रे मिटते. प्रत्येक रंध्राच्या दोन्ही बाजूंना एकेक रक्षक पेशी असते. या पेशी पाण्याने फुगल्या की रंध्र उघडते, आणि पाण्याचा ताण वाढला की तयार होणाऱ्या अ‍ॅब्सिसिक आम्ल या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर पोटॅशियमचे आयन बाहेर सोडून त्या सैल पडतात, तेव्हा रंध्र मिटते. त्यामुळे पाणी वाचते आणि नळ्यांमध्ये हवा शिरण्याचा धोका टळतो. पण ज्या वाटेने वाफ बाहेर जाते त्याच वाटेने कार्बन डायऑक्साइड आत येतो. रंध्रे मिटली की साखर बनवणे मंदावते, शिवाय बाष्पोत्सर्जनाने मिळणारा गारवा गेल्यामुळे पान तापते. आणि नवी मुळे फुटायला तर साखरच हवी असते. पाणी कमी म्हणून साखर कमी, साखर कमी म्हणून मुळे कमी, मुळे कमी म्हणून पुन्हा पाणी कमी, अशा फेऱ्यात झाड सापडते. काही जाती ताण जाणवताच रंध्रे मिटतात आणि उपाशी राहण्याचा धोका पत्करतात. काही जाती ती उशिरापर्यंत उघडी ठेवून साखर बनवत राहतात आणि नळ्या निकामी होण्याचा धोका घेतात.

ताण आणखी वाढला तर झाड पाने टाकते. पानाच्या कडा शिरांच्या शेवटच्या टोकांशी असतात, म्हणून पुरवठ्यातली तूट तेथे आधी करपल्यासारखी दिसते. बऱ्याच जातींत पाने आणि त्यांचे देठ खोडापेक्षा लवकर निकामी होतात, आणि त्यामुळे सहज भरून काढता येणारा भाग गमावून वर्षानुवर्षे जपलेले लाकूड वाचते. पानगळ झालेले झाड मेले असे समजून ते उपटून टाकण्याची घाई म्हणूनच करू नये. डहाळीची साल नखाने किंचित खरवडून आत हिरवा, ओला थर दिसतो का ते आधी पाहावे.

याच्या उलट फसगतही होते. पुनर्रोपणानंतर पहिल्या वसंतात झाडाला भरघोस पालवी फुटते आणि ते लागले असे मानून पाणी थांबवले जाते. ती पालवी मागच्या वर्षी तयार झालेल्या कळ्यांतून आणि लाकडात साठवलेल्या स्टार्चवर आलेली असते. तिचा नव्या जमिनीशी अजून फारसा संबंध नसतो. पाने पूर्ण उघडली की पाण्याची मागणी एकदम वाढते, मुळे मात्र आहेत तेवढीच असतात, आणि खरी परीक्षा तेव्हा सुरू होते. साठा संपत चाललेली, बऱ्याच नळ्या गमावलेली झाडे दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी खोडकिडीने किंवा रोगाने मेली, तर दोष त्या किडीवर जातो. माझ्या मते अशा अनेक मरणांची सुरुवात पहिल्या उन्हाळ्यातच झालेली असते.

पाणी देताना म्हणूनच ते हुंडीवर, बुंध्याच्या जवळ पडले पाहिजे. समशीतोष्ण प्रदेशांत वापरला जाणारा एक ढोबळ दंडक असा आहे की बुंध्याच्या दर २.५ सेंटिमीटर व्यासामागे एका वेळी ४ ते ६ लिटर पाणी द्यावे. पहिले एकदोन आठवडे रोज, मग साधारण तीन महिने दर दोनतीन दिवसांनी, आणि त्यानंतर मुळे पसरेपर्यंत आठवड्यातून एकदा. आपल्या ८ सेंटिमीटरच्या झाडाला हे प्रमाण १३ ते १९ लिटर पडते, म्हणजे वर मांडलेल्या एका दिवसाच्या खर्चाच्या आसपास. आठवड्यातून एकदा १०० लिटर ओतल्याने तेच साधत नाही, कारण हुंडी तेवढे पाणी धरू शकत नाही. मुळे बाहेर पडू लागली की आळे रुंद करत जावे.

अतिपाण्याने बुडणारे झाडही अगदी तहानलेल्या झाडासारखेच दिसते, आणि येथे सर्वांत मोठी चूक होते. मुळांना श्वासासाठी प्राणवायू लागतो. मातीच्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळांच्या पेशींतली आम्लता वाढते आणि त्यांच्या आवरणातील पाण्याची सूक्ष्म दारे, म्हणजे अ‍ॅक्वापोरिन ही प्रथिने, मिटतात. या प्रथिनांच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. दारे मिटल्यावर चिखलात उभे असलेले झाडही माना टाकते, आणि ते पाहून आणखी पाणी घातले जाते. मातीत ओल आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याच्या स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतात. नव्या झाडाला तोच हवा असतो. त्याची खात्री हुंडीत बोट किंवा बारीक सळई खुपसूनच करावी. झाडाकडून काही कळायचे असेल तर त्याला पहाटे पाहावे. रात्री बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबते आणि मुळे दिवसाची तूट भरून काढतात. दुपारी मलूल दिसलेली पाने पहाटे ताठ झाली असतील तर काळजीचे कारण थोडे आहे, पण पहाटेही ती लोंबत असतील तर हुंडी एक तर कोरडी आहे किंवा गुदमरलेली आहे.

मुळे कमी झाली म्हणून फांद्याही तेवढ्याच छाटाव्यात, हा सल्ला वरवर पटण्यासारखा आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. छाटणीने पाण्याचा खर्च कमी होतो हे खरे, आणि पाणी देणे शक्यच नसेल तर तिचा आधार होऊ शकतो. पण नव्या मुळांसाठी लागणारी साखर पानांतच बनते, आणि मुळे फुटायला चालना देणारे ऑक्सिन हे संप्रेरक कोवळ्या शेंड्यांतून खाली येते. पाणी नियमित देता येत असेल तर मोडक्या व वाळलेल्या फांद्यांपलीकडे छाटणी करू नये, असे मी ठामपणे म्हणेन. ५ ते १० सेंटिमीटर जाडीचे पालापाचोळ्याचे किंवा लाकडाच्या तुकड्यांचे आच्छादन, बुंध्याला न टेकवता, मातीची वाफ रोखते आणि मुळांना गार ठेवते. बुंध्याचा मुळांकडे फाकत जाणारा भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. तो गाडला गेला की मुळांना हवा कमी पडते. कुंडीत गोल गोल फिरलेली मुळे लावतानाच कापून मोकळी करावीत, नाहीतर ती जुन्याच कुंडीच्या आकारात फिरत राहतात.

बरीचशी नवी मुळे तुटलेल्या मुळांच्या कापाजवळून, जखम भरून येते त्या ठिकाणाच्या मागून, झुपक्याने फुटतात. जमीन उबदार आणि वाफशावर असेल तर काही आठवड्यांत हुंडीच्या कडेला पांढरी टोके दिसू लागतात. ती इतकी ठिसूळ असतात की वाऱ्याने हुंडी हलली तरी तुटतात, म्हणून सैल हुंडीच्या झाडाला सुरुवातीला आधार द्यावा लागतो. थंड हवामानात ही मुळे वर्षाला अर्धा मीटरच्या आसपास पुढे सरकतात, उष्ण प्रदेशांत त्याहून बरीच वेगाने. त्यामुळे थंड प्रदेशांत बुंध्याच्या दर २.५ सेंटिमीटर व्यासामागे एक वर्ष, असा स्थिरावण्याचा अंदाज धरतात. आपल्या झाडाला तीनएक वर्षे लागतील, आणि त्याच्या निम्म्या जाडीच्या झाडाला त्याच्या निम्मी. लहान झाड लवकर सावरून पुष्कळदा शेजारच्या मोठ्या झाडाला गाठते, त्याचे कारण हेच.

हिवाळ्यात पाने टाकणाऱ्या झाडाने किती सावरले, हे त्याच्या डहाळीवर वाचता येते. दरवर्षी शेंड्याची कळी उमलताना तिच्या खवल्यांच्या खुणांचे एक बारीक कडे सालीवर उरते, आणि दोन कड्यांमधली लांबी म्हणजे त्या वर्षाची वाढ. जुन्या भागाकडून शेंड्याकडे जाताना पुनर्रोपणाआधीची कांडी लांब, त्यानंतरची एकदोन अगदी आखूड, बोटाच्या पेराएवढी, आणि मग पुन्हा लांब होत गेलेली दिसतात. ज्या वर्षी ही लांबी जुन्या वाढीच्या जवळ येते, त्या वर्षापासून पाण्याचा हात हळूहळू आखडता घ्यावा.